चाळीस मिनिटं पाणी

आमचे थोरले साडू अण्णा जगात कुठेही गेले तरी उदगीरच्या बाहेर जात नाहीत. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, कारण त्यांच्यासोबत मी टूर कंपनीच्या बसमधून चौदा दिवस युरोप पाहिला आहे. म्हणजे युरोप मी पाहिला, अण्णा चौदा दिवस उदगीरच पाहत होते. अण्णांची उदगीरला डाळमिल. गळ्यात इष्टलिंग, खिशात सुपारी आणि डोक्यात एकच ध्यास, उदगीर जिल्हा झाला पाहिजे. मी लातूरचा मास्तर, म्हणजे त्यांच्या लेखी शत्रुपक्षातला. "तुमचं लातूर उस्मानाबादेतून फुटलं तवा पेढे खाल्ले तुम्ही. आता आमची पाळी आली की गप बसता," असं ते मला दर दिवाळीला ऐकवत. व्हिसाच्या फॉर्मवर जिल्ह्याच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत 'उदगीर' लिहिलं. कंपनीच्या बाईंनी पुण्याहून फोन करून पासपोर्टवर लातूर असल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "पासपोर्ट जुना हाय, बाई. विमान उडायच्या आत जिल्हा होतो बघा." शेवटी अक्कांनी नवा फॉर्म भरला आणि अण्णांनी तो न वाचता सही केली.

अक्का म्हणजे त्यांची पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. सगळा प्रवास खरं तर त्यांच्यासाठी होता. लग्नाला तीस वर्षं झाली, पण श्रीशैल आणि कपिलधार सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या. त्यांना बर्फ पाहायचा होता. डोंगरावर पडलेला, पायाखाली येणारा बर्फ. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "आता न्हाई तर मंग कधीच न्हाई." अण्णांनी दुसऱ्याच दिवशी चौघांचं बुकिंग केलं. पण ते झालं दिवाळीत, आणि जायची वेळ आली तो उन्हाळा असा, की लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. उदगीरला अण्णांच्या गल्लीत एकच बोअर चालू होता, तो अण्णांचा. रोज पहाटे मोटर लावून ते दारातली तोटी सोडत आणि अख्खी गल्ली भरून घेई. निघताना मोटरच्या खोलीची किल्ली त्यांनी शेजारच्या काशीबाईंकडे दिली, ती देताना त्यांचा चेहरा लेक सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

परदेशात अण्णांचं वागणं सुरुवातीला आम्हाला गमतीचं वाटलं. हॉटेलात शिरल्यावर लोक खिडकीतून तळं दिसतंय का बघत, अण्णा आधी न्हाणीघरात जाऊन टब भरून घेत. मग चहाची किटली, ग्लास, कचऱ्याची बादलीसुद्धा धुऊन भरत. टूर मॅनेजर हात जोडून म्हणाला, "काका, इथे चोवीस तास पाणी असतं." अण्णा म्हणाले, "आज हाय. उद्याचं तुम्ही लिहून देता का?" सकाळी अंघोळ घरून आणलेल्या तांब्याने, मोजून सहा तांबे. मग इष्टलिंगाची पूजा, आणि पूजेचं पाणी घेऊन हॉटेलच्या बाहेर एखाद्या झाडाच्या बुडाशी. बस हॉर्न वाजवत उभी आणि हे सावकाश झाड निवडत असायचे. रात्रभर भरलेला टब ते तसाच टॉवेलने झाकून ठेवत, नंतर येणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून. एकदा विसरलेला चष्मा घ्यायला परत गेले, तर सफाईवाल्या बाईने बूच काढलेलं. खाली येऊन माझ्या शेजारी बसले. "सांडून दिलं, सर," एवढंच म्हणाले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

रोज नाश्त्याच्या वेळी ते काशीबाईंना फोन लावत. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आमच्या टेबलावर ब्रेडसोबत उदगीरची बातमी यायची. मोटर किती मिनिटं चालली, हा एकच प्रश्न. पहिल्या दिवशी उत्तर आलं, चाळीस. मग तीस, मग बावीस. नवव्या दिवशी आम्ही एका मोठ्या धबधब्यासमोर उभे होतो. लोक भिजत फोटो काढत होते. अण्णा धबधब्याकडे पाठ करून उभे राहिले. त्या सकाळी काशीबाईंनी सात मिनिटं सांगितली होती.

"मी माघारी जातो," ते म्हणाले. "तुम्ही तिघं पुढं जा. तिकडं माणसं घागरी घिऊन उभी ऱ्हायलीत, अन् मी इथं पाणी बघत फिरायलोय."

अक्का म्हणाल्या, "मंग मी बी येते."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटलं. बर्फाचा डोंगर दोन दिवसांवर होता. बसमध्ये अक्का खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, आणि त्यांनी तीस वर्षांत किती वेळा असंच गप्प राहून काय काय सोडलं असेल, या विचाराने माझी बायको माझ्यावरच चिडून बसली. संध्याकाळी अण्णांनी मॅनेजरला परतीच्या विमानाचं विचारून ठेवलं आणि बर्फ न बघताच माघारी येतोय असं काशीबाईंना कळवलं.

दुसऱ्या सकाळी फोन लागला. काशीबाई म्हणाल्या, "आज चाळीस मिनटं चालली, अण्णा. चांगलं पाणी आलं. तुम्ही निवांत फिरा."

अण्णांनी हातातल्या फोनकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "हाव. बरं झालं." फोन खिशात ठेवला आणि अक्कांना सांगितलं, "बोअरला पाणी आलंय. चल, तुझा बर्फ बघू." अक्कांनी डोळे मिटून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर अण्णा अक्कांचा हात धरून गुडघाभर बर्फात उतरले. घसरून पडले, उठले, बर्फाचा गोळा करून माझ्या पाठीत मारला. बसमधली मंडळी बघत राहिली. मीही मनात म्हटलं, चला, माणूस सुटला एकदाचा.

खाली येताना मी सहज म्हणालो, "अण्णा, बरं झालं बुवा, पाणी वाढलं."

ते हळूच म्हणाले, अक्कांना ऐकू जाणार नाही असं. "सर, मे महिन्यात सातावरून चाळीस व्हत असतंय का? बोअर गेला. काशीबाई खोटं बोलली. हिच्या बर्फासाठी बोलली. मंग मी कसं मोडू?"

आम्ही उदगीरला परतलो तेव्हा गल्लीत टँकर उभा होता आणि काशीबाई रांगेत होत्या. अण्णांनी काही विचारलं नाही, त्यांच्या हातातली घागर घेतली आणि त्यांच्या जागी उभे राहिले.

अक्कांच्या दिवाणखान्यात बर्फातला तो फोटो आहे, दोघं हसताहेत. आल्यागेल्याला दाखवून त्या म्हणतात, "साऱ्या टूरमधी ह्यांचा जीव तेवढा एकच दिस रमला." अण्णा समोर बसून सुपारी कातरत असतात. ते मान वर करत नाहीत, आणि मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नाही.