चंदेरी पाठ

"अहो काका, उतरू नका पाण्यात! अंगावर काय आहे ते?" आमच्या जलतरण तलावाचा रखवालदार असा ओरडला, की खडकवासल्याचं पाणीसुद्धा दचकलं असेल.

काका, म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच आलेले एक अनोळखी गृहस्थ, काठावर पाय सोडून बसले होते. पाठभर सोरायसिसचे चट्टे. कोवळ्या उन्हात ते खवले असे चमकत होते, की वाटलं, एखादा म्हातारा मासा माणसांत राहून आता घरी निघालाय. पाण्यातली मंडळी मात्र दुसऱ्या काठाला सरकली. तलाव तिकडे कलला म्हणा ना!

काका तळव्याने पाणी थोपटत म्हणाले, "हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही हो. माझ्या अंगातले, रोगाला अडवणारे पहारेकरी तुमच्यासारखेच आहेत. चोर नसतानाही माझ्याच कातडीवर लाठ्या चालवतात. त्यातून ठिणग्या उडतात, कातडी आणखी भाजते. पाण्यात तेवढी निवते."

वरचे ढगही ऐकायला थांबल्यासारखे झाले. रखवालदाराने त्या पाठीवरची नजर काढून भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट केलं.

"टोपी घाला," तो म्हणाला. "टोपीशिवाय उतरता येत नाही."