मधमाश्यांचं ताट

आमच्या शेजारच्या काकांचा या जगात कशावर विश्वास असेल, तर तो फक्त कानांवर. डोळ्यांना ते लबाड समजतात आणि माणसांच्या बोलण्याला त्याहून लबाड. कलिंगड असो, बॉयलर असो की आमच्या गाडीचं दार, काका आधी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करणार, मान तिरकी करून ऐकणार आणि मग निकाल देणार. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी अर्धा तास भिंतीला कान लावून उभं केलं होतं. तो बिचारा चहा न घेताच गेला. लंडनच्या पिनर भागातली आमची घरं जोडघरं, मधली भिंत एकच. रोज सकाळी त्या भिंतीवर पलीकडून टकटक होते. आम्ही उलट टकटक केली नाही, तर पाच मिनिटांत काका दारात. "आवाज नाही आला. म्हटलं, आहात की गेलात?" हे 'गेलात' ते ऑफिसबद्दल विचारत नसतात.

मधमाश्या मात्र काकूंच्या. बागेच्या टोकाला त्यांची लांबोडकी आडवी पेटी आहे. वर ओळीने लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला खाली लोंबणारं एकेक पोळं, चौकट वगैरे काही नाही. काकू होत्या तोवर काका त्या पेटीच्या दहा फूट लांब उभे राहून "चावेल, चावेल" एवढंच म्हणत. मागच्या ऑगस्टमध्ये काकू गेल्या. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. काकूंनी काकांना जवळ बोलावलं आणि अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, "एवढा हिवाळा त्यांना काढून द्या. मग मी पाहते." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलल्या. काकांनी मात्र त्यातला शब्दन् शब्द खरा धरला. हिवाळ्यापर्यंतची जबाबदारी त्यांची, पुढची काकूंची. त्या कशा पाहणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सप्टेंबरमध्ये काका जाळीचा बुरखा घालून कामाला लागले. उंदीर शिरू नयेत म्हणून पेटीचं दार बारीक केलं, पट्ट्यांवर काकूंच्या जुन्या साड्यांची गोधडी अंथरली. दार पेटीच्या मधोमध, माश्याही मधोमध. त्यांच्या दोन्ही बाजूंना काकांनी मधाची पोळी सारखी वाटून लावली, चार डावीकडे, चार उजवीकडे. "ताट असंच वाढतात न? डावी बाजू, उजवी बाजू," ते मला समाधानाने म्हणाले. काकूंच्या घरात ताटाच्या चुकीच्या बाजूला लिंबाची फोड ठेवणाऱ्याची खैर नसे. चाळीस वर्षांत काका तेवढं पक्कं शिकले होते.

मग दिवस आखडले. दुपारी चारलाच अंधारून यायचं आणि काका स्टीलचा पेला घेऊन बागेत जायचे. पेल्याचं तोंड पेटीला, बूड कानाला, आणि बोटाने टकटक. आतून 'हूं' असा हुंकार उठून लगेच मिटला, तर सगळं ठीक. तो विव्हळल्यासारखा लांबत गेला, तर राणी मेली असं समजायचं. हे त्यांनी मला समजावलं होतं, त्यामुळे त्या वेळी मीसुद्धा स्वयंपाकघरात हात थांबवून उभी राहायची. मला खरी भीती वाटायची ती नंतर. काका घरात यायचे, आणि थोड्या वेळाने मधल्या भिंतीतून टकटक ऐकू यायची. ती आमच्यासाठी नसे, फार हळू असे. मग तोच हुंकार. नवरा म्हणायचा, काका स्वतःच करत असतील. असतीलही. पण घरात माणूस एक होता आणि विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघे वाटायचे.

जानेवारीत आठवडाभर सगळं गोठवणारी थंडी पडली. ती जरा ओसरली त्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक झालीच नाही. मी धावत गेले, तर काका पेटीपाशी. त्यांनी पेला माझ्या हातात दिला. उजवीकडे शांत. मध्ये शांत. अगदी डाव्या टोकाला, सुकं पान मुठीत चुरावं तसा आवाज.

"काय होऊन राहिलं आत, काही समजत नाही," काका म्हणाले. "दोन महिने आहेत न अजून. मी तिला काय सांगू?"

काकूंची मधमाश्यांच्या नोंदींची वही असायची, ती कुठे आहे, असं मी विचारलं. "किचनमध्ये. मी जात नाही तिकडे." खरंच जात नव्हते. पुढच्या खोलीत पलंग, हीटर, बिस्किटांचे पुडे. मागचं सगळं घर बंद. स्वयंपाकघरात गेले तर माझ्या तोंडातून वाफ निघत होती. वही फ्रीजवर होती. आपसूक मी फ्रीजर उघडला. आत डबेच डबे, प्रत्येकावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी. वांग्याची भाजी, जुलै. वरण, जुलै. एकालाही हात लागला नव्हता.

"खाल्लं तर संपेल न," काका दारातून म्हणाले.

मला रडू आलं, म्हणून मी वही वाचायला लागले. "थंडीआधी माश्या एका टोकाला, सगळा मध त्यांच्या एकाच बाजूला. खात खात त्या एकाच दिशेने सरकतात, थंडीत मागे फिरत नाहीत. दोन्हीकडे ठेवला, तर एका टोकाला संपतो आणि भरल्या घरात उपाशी मरतात." काका खाली बसले.

थंडीत पेटी उघडू नये, हे मलाही माहीत होतं. पण बारा वाजता जरा ऊन आलं आणि काकांनी गोधडी काढली. डाव्या टोकाला मूठभर माश्या एकमेकींना बिलगलेल्या. कित्येकींची डोकी मेणाच्या रिकाम्या घरांत खुपसलेली, शेपट्या तेवढ्या बाहेर. एकही हलत नव्हती. मी रिकामी पोळी काढत गेले आणि काका उजवीकडचं एकेक भरलं पोळं, तिरकं होऊन तुटू नये म्हणून श्वास रोखून, आणून त्यांना टेकवत गेले. झाकलं. टकटक केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही.

तेव्हा काकांनी पेटीवर कपाळ टेकवलं आणि ते गुणगुणायला लागले. काकू भांडी घासताना गुणगुणायच्या तीच चाल. माझ्या अंगावर काटा आला, कारण आवाजही बराचसा तसाच होता. आतून 'हूं' आलं, आणि मिटलं.

"आहे," काका म्हणाले. कोण, ते सांगितलं नाही.

मार्चमध्ये एका उबदार दुपारी माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पिवळे ठिपके पडले. माश्या हिवाळाभर पोटातली घाण धरून ठेवतात आणि पहिल्या उड्डाणात मोकळ्या होतात. काका चादरीकडे पाहून कौतुकाने हसले. "काढला हिवाळा. आता ती पाहील." मग मला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघर उघडं होतं, गरम होतं. वांग्याची भाजी, वरण, कोशिंबीर, लोणचं, मीठ, सगळं त्यांनी ताटात एकाच बाजूला वाढलं होतं. दुसरी बाजू स्वच्छ रिकामी. काकू असत्या तर ताट उचलून नेलं असतं. आम्ही जेवलो. जानेवारीपासून काकांनी एकेक करून डबे संपवले होते, भाजीचा हा फ्रीजरमधला शेवटचा डबा होता. काकांनी तो बोटाने पुसून घेतला आणि चिठ्ठी सोडवून खिशात ठेवली.

खिडकीबाहेर पेटीकडे ते बराच वेळ पाहत होते. तिथे कोणीच आलं नव्हतं. मग त्यांनी टेबलावर दोनदा हळूच टकटक केली, मान तिरकी केली आणि थांबले.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मीच म्हणाले, "हूं."