काठावर न पाहिलेलं पाखरू

माझं अक्षर किरटं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमलं नाही, ते पुढंही जमलं नाही. कुणाच्या हाती हे पडलंच तर राग मानू नये.

उन्हाळ्याच्या शेवटाला माजलगावच्या धरणाचं पाणी मागं सरतं आणि आमच्या शिवाराला लागून चिखलाचा लांब काठ उघडा पडतो. गेल्या वर्षी मी तिथं शेळ्यांना पाणी पाजत होते, तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "ताई, पाऊस लागेपर्यंत इथं कोणती पाखरं येतात ते मला दर रविवारी फोनवर सांगाल?" आणि दोन हजार रुपये आधीच हातावर ठेवले. त्याचा मी पंखा घेतला.

सुरुवातीला रोज बघायचे. तांबड्या काडीसारख्या पायांचे शेकाटे, टिटव्या, पाण्यावर सूर मारणारी पांढरी पाखरं. पण धुणं धुणाऱ्या बाया हसायला लागल्या. माझी जाऊच म्हणाली, "चौथी शिकली अन् मास्तरीन झाली. पाखरायची हजरी घेती. माझी बी घे की गं, मी बी रोज येते." मला मान वर करवेना. मी शेळ्या विहिरीवर न्यायला लागले. काठ सुटला.

रविवारी बाईंचा फोन आला. काठावर तर मी गेलेच नव्हते. आदल्या दिवशी घरच्या बल्बवर आलेलं पाखरू सांगून टाकलं. तळहाताएवढं, तपकिरी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. दिव्यावर येतं त्यालाही आम्ही पाखरूच म्हणतो.

"अहो, तो पतंग. इकडं फार कमी दिसतो. काठावर कुठं दिसला?"

"बाभळीवर," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई जीपभर मुली घेऊन आल्या. भर उन्हात एकेक बाभूळ शोधत फिरल्या. एकीच्या चपलेतून काटा आत गेला. ती खाली बसून काटा काढत होती आणि मलाच म्हणाली, "काकू, तुम्ही दमलात, सावलीला बसा."

मग माझ्यानं राहवलं नाही. "बाई, मी काठावर येतच न्हाई. ते पाखरू घरी बघितलं."

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. बाईंनी त्यांना जीपमध्ये बसवलं. निघताना म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या."

मला ते राहू देता येईना. दिंद्रुडच्या बाजारात अंडी विकून, बाई धरणावर आल्या की जमेल तसे देत गेले. पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या. मी हात मागं घेतला नाही, तेव्हा घेतले. परवा उरलेले तीनशे दिले. बाईंनी मोजून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "फिटले सगळे, ताई."