कुमामोतोच्या आजीला मी सांगितलं नाही

समीर मेला.

मुद्दाम असंच लिहितोय. 'गेला' लिहिणार नाही. त्या शब्दाने गेल्या महिन्यात घोळ घातलाय आणि तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही.

आज वर्ष झालं. इथे नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या आमच्या गावात, बॅडमिंटन खेळता खेळता खाली बसला तो उठलाच नाही. ऑफिसातला माझा सगळ्यात जुना मित्र. सम्या.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं मशीन इन्स्टॉल करायला जपानला, कुमामोतोला गेलो होतो.

हॉटेलमागच्या गल्लीत हॅम्बर्गरचं एक बारकंसं दुकान. चिकटपट्ट्या लावलेली लाल रेक्झिनची स्टुलं, हाताने लिहिलेला पिवळा पडलेला मेन्यू आणि तव्यामागे एक आजी.

सम्या बीफ खायचा नाही. हातवारे करकरून त्याने ते आजीला समजावलं. तिने बनमध्ये ऑम्लेट आणि चिरलेला कोबी घालून दिला.

एक घास खाऊन हा म्हणतो, "छान आहे, पण मुळमुळीत आहे रे." आणि सरळ बॅगेतून आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली.

मला तोंड कुठे लपवू असं झालं.

आजीने चटणी बोटाने चाटून बघितली. दुसऱ्या दिवशी पुडी तिच्या काउंटरवर, सॉसच्या बाटलीशेजारी. मग आम्ही रोजच तिकडे जेवलो.

निघायच्या दिवशी सम्या दारातून सवयीने मराठीतच म्हणाला, "येतो हं, आजी."

तीही काहीतरी म्हणाली. आमच्या तिथल्या सहकाऱ्याने अर्थ सांगितला. घरातून बाहेर पडणाऱ्याला म्हणतात, 'जाऊन ये'. दुकानात सहसा कोणी म्हणत नाही.

"बघ, आजीला मराठी येतं," सम्या म्हणाला. "आता परत यावं लागणार. येतो म्हटलंय."

गेल्या महिन्यात मला एकट्याला तिकडे पाठवलं. रोज त्या गल्लीच्या तोंडाशी जायचो आणि मागे फिरायचो. शेवटच्या दुपारी शिरलो एकदाचा.

आजीने लगेच ओळखलं. न विचारता दोन बन तव्यावर टाकले. मग शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

मी फोनच्या ट्रान्सलेटरमध्ये टाइप केलं, 'तो गेला.'

दुसरं काही सुचलंच नाही. आपण असंच म्हणतो ना.

आजीने जपानीत वाचलं, मान डोलावली, हसली. फोनमध्ये काहीतरी बोलली. स्क्रीनवर मराठी उमटलं, 'तो परत कधी येणार आहे?'

एकच अक्षर बदलायचं होतं. 'ग'च्या जागी 'म'.

नाही जमलं मला.

'माहीत नाही' असं टाइप केलं. आजीने दुसरा बर्गर कागदात गुंडाळून हातात दिला. त्याच्यासाठी.

विमानात तो मांडीवर घेऊन बसलो. खाववेना, टाकवेना. शेवटी अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ यायच्या आत खाल्ला, रडत रडत. मुळमुळीतच होता.

परत आल्यापासून डोक्यात हेच. म्हातारीला फसवलं आपण. तिकडच्या सहकाऱ्याला मेसेज लिहितो, पुसतो. सायकल काढून कालव्याकडेने जातो, घरी येतो, परत निघतो. बायको म्हणते, "अरे, एका जागी बस जरा."

आज सकाळी पुण्याला काकूंना, म्हणजे सम्याच्या आईला, फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, "आजीला कळवून टाकू ना?"



काकू म्हणाल्या, "नको रे कळवूस. इथे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो अजून यायचाय असं कुठेतरी, कुणाला तरी वाटू दे की."

आणि थोड्या वेळाने, "तिची चटणी संपली असेल ना? करून ठेवते. पुढच्या वेळी घेऊन जा."

नेणार आहे.

सम्या, श्रद्धांजली पोचली असं समज.

जाऊन ये.