मे महिन्यातलं धुकं

नागपूरच्या मे महिन्यात ओल शोधून सापडत नाही. सकाळी घातलेले पापड दुपारी खडखडीत वाळतात. म्हणून आमच्या कॉलेजातल्या वायुबोगद्यात धुकं दिसलं, तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वासच बसेना.

या बोगद्यात टाकीत दाबून भरलेली हवा ध्वनीच्या कित्येक पट वेगाने सोडतात. सुटताना ती इतकी गार पडते की तिच्यात जराशी वाफ असली तरी तिचं धुकं होतं आणि सगळी मोजमापं बिघडतात. कोराडीहून बसने येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीची ही शेवटची चाचणी होती. सोमवारी तिला बंगळुरूला नोकरीवर हजर व्हायचं होतं. चाचणी बिघडली असती तर प्रबंध लटकला असता. बिचारीचा चेहरा एवढुसा झाला.

हवेतली ओल शोषणाऱ्या गोळ्या आम्ही तापवून कोरड्या केल्या. पुन्हा धुकं. माझं डोकंच फिरलं. कॉम्प्रेसर चालवणाऱ्या दादांना फैलावर घ्यायला मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले, आणि आत इतकं गार वाटलं की रागवायचंच विसरले. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो, नेमका त्या तोंडासमोर नवाकोरा कूलर घरघरत होता.

"हा काहून लावला, दादा?"

"मशीन तापून राहिली होती, मॅडम. मले पाहवलं नाही."

बाहेर सगळं गाव भाजून निघत होतं आणि आम्ही कूलरची ओली हवा टाकीत भरत होतो! मला हसू आवरेना. दादा मात्र पार ओशाळले.

टाकी रिकामी केली, गोळ्या पुन्हा तापवल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कूलर बंद ठेवून, दादा डोक्याला दुपट्टा गुंडाळून कॉम्प्रेसरपाशी टाकी भरत बसले. दुपट्टा भिजवायलाही पोरीने त्यांना मनाई केली.

संध्याकाळी हवा सोडली. पडद्यावर, बोगद्यात ठेवलेल्या मॉडेलच्या नाकासमोर, आघात-तरंगाची म्हणजे वेगवान हवा आदळून उठणाऱ्या लाटेची रेघ उमटली, अगदी स्वच्छ. धुक्याचा मागमूस नव्हता. मला मनापासून आनंद झाला. शेजारी पाहते तर पोरगी घळाघळा रडत होती.

"झालं ना? मंग रडून काहून राहिली वं?" दादांनी विचारलं.

"झालं म्हणूनच तं," ती म्हणाली. "उद्या इथं यायचं आता काही कारणच नाही उरलं, दादा."