कुत्रीची बदकं

मुलगी शाळेतून चित्रांचं एक पुस्तक घेऊन आली. कन्नड. तिची शाळा मराठी, पण कन्नडचा तास असतो, आणि बाईंनी प्रत्येकाला एकेक पुस्तक घरी वाचून दाखवायला दिलं होतं. माझं माहेर निपाणीच्या पुढचं, महाराष्ट्रातलं. सीमेच्या अलीकडं, इथं खासबागेत येऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं कन्नड भाजीवालीच्या पुढं सरकलेलं नाही.

"ऐक गं ताई," म्हणत ती माझ्याजवळ बसली.

ती मला ताई म्हणते. तिची आई गेल्यावर मी या घरात दुसरेपणावर आले, तेव्हा ती चार वर्षांची होती. आल्या आल्या तिनं माझा पदर धरून विचारलं होतं, "तुला काय म्हणू?" मी म्हटलं, ताई म्हण. लोकांना सांगितलं, तिच्या आईची जागा मी कशी घेऊ? किती मोठं मन, म्हणून गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं आणि मी निर्लज्जासारखं ते करून घेतलं. खरं म्हणजे मला दुसरीचं मूल गळ्यात नको होतं. नुसतं ताई म्हणवून घेतलं की निम्मी सुटका, असं माझं गणित.

पुढं मला मुलगा झाला. तो बोलायच्या बेताला आला तेव्हा हीच त्याला मांडीवर घ्यायची आणि माझ्याकडं बोट दाखवून शिकवायची, "म्हण, आ-ई." मी भाकरी थापत ऐकायची. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मी भाकरी उलटली.

तर त्या पुस्तकात एक कुत्री होती. आई नसलेली बदकाची पिल्लं तिच्या पोटाशी येऊन बसतात. ती भुंकत नाही, हुंगतही नाही. जरा सरकते आणि त्यांना जागा देते. पिल्लं पाण्यात उतरल्यावर मात्र काठावरून घाबरीघुबरी पळत सुटते. धाकटा खिदळत होता. मला त्या कुत्रीकडं बघवेना.

मुलगी बोट ठेवून वाचत होती. मधूनमधून ताई, ताई ऐकू यायला लागलं तशी मी वैतागले. "अगं, पुस्तक वाच की. सारखी मला हाक कशाला मारतीस?"

"तुला न्हाय गं. पुस्तकातच हाय. नायि म्हंजे कुत्री, आन् तायि म्हंजे आई."

"कन्नडात आईला ताई म्हणतात?"

"व्हय. मला पहिलीपासनं ठावं हाय," ती पान उलटत म्हणाली. "पोरी लई इचारत्यात, आईला ताई का म्हणतीस म्हणून. मी सांगितलंय त्यास्नी, माझं ताई कन्नडातलं हाय."

लाजेनं माझी मान वर होईना. मी नाकारलेला शब्द या पोरीनं आपला आपण दुसऱ्या भाषेतून मिळवला होता. रोज तीच हाक मला मारत होती, आणि मी निम्म्या सुटकेत खूश. मला आई म्हण, असं म्हणावंसं फार वाटलं. पण ते आता कुठल्या तोंडानं म्हणणार?

माझी खाली गेलेली मान बघून तिनं पुस्तक मिटलं.

"राग आला व्हय?" ती म्हणाली. "परत कुणाला न्हाय सांगणार."