बदली बाईसाहेब

सौदी अरेबियातल्या थुवालच्या विद्यापीठ-वसाहतीत सोलांज देल्मा यांना लोक ‘बाप्तिस्तची आई’ म्हणून ओळखतात. बाप्तिस्त समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करतो. आईचं वय एकोणऐंशी. पॅरिसच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर त्यांनी सेहेचाळीस वर्षं काम केलं, हे इथे कुणाला माहीत नव्हतं. पॅरिसमध्येही फारसं कुणाला माहीत नव्हतं, असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांनी मोलकरणींच्या भूमिका केल्या. ल्योंच्या शिंप्याची ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी पॅरिसला आली. पहिल्याच नाटकात तिच्या हातात ट्रे दिला गेला, तो पुढे कुणी परत घेतलाच नाही. सिनेमात त्या दार उघडायच्या. एकतीस सिनेमे, एकतीस दारं. एका सिनेमात त्यांना दार बंदही करायचं होतं, पण तो प्रसंग संकलनात गेला.

एक नाटक मात्र अकरा वर्षं चाललं. एक श्रीमंत बाई तीन अंक कुणाची तरी वाट पाहते आणि शेवटी घर सोडून जाते, असं ते नाटक. सोलांजबाई त्यात मोलकरीण होत्या, वाक्यं सहा. शिवाय त्या बाईसाहेबांच्या भूमिकेसाठी बदली नटी होत्या. मुख्य नटी आजारी पडली तर त्यांनी उभं राहायचं. नटीची प्रकृती उत्तम होती. अकरा वर्षांत एकदा शिंकली, तीही मध्यंतरात. सोलांजबाई रोज घरी सगळी भूमिका म्हणून बघायच्या, थिएटरात जाऊन सहा वाक्यं बोलायच्या आणि परत यायच्या. पलीकडच्या खोलीत लहानगा बाप्तिस्त ते ऐकत झोपी जायचा.

थुवालला त्यांना मुलाने आणलं, कारण पॅरिसच्या घरात दोनदा गॅस चालू राहिला होता. जेद्दाच्या डॉक्टरांनी विसरण्याला एक नाव दिलं. ते नाव बाप्तिस्त उच्चारत नाही. त्याने सकाळच्या सोबतीला खुर्शीदला बोलावलं.

खुर्शीद श्रीवर्धनची. नवरा हनीफ वसाहतीतले एसी दुरुस्त करतो, म्हणजे इथे तो डॉक्टरांहून मोठा माणूस. पहिल्या दिवशी खुर्शीदने चहा आणला आणि सोलांजबाई खुर्चीतून उठल्याच.

“ट्रेकडे बघू नका. बाईसाहेबांकडे बघा.”

“मग सांडेल ना, मादाम.”

“अकरा वर्षांत माझा नाही सांडला.”

दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले, नड पडली की अरबी ‘खलास’ आणि ‘यल्ला’, म्हणजे ‘झालं’ आणि ‘चला’, होतंच. दुपारी निघताना मात्र खुर्शीद सवयीने मराठीत “येते” म्हणायची. एकदा सोलांजबाईंनी अर्थ विचारला.

“येते म्हणजे… आय कम.”

“पण तुम्ही तर जाताय.”

“हो, पण जाते म्हणत नाहीत आमच्यात. जाते म्हटलं की माणूस गेलंच.”

सोलांजबाईंना हे एकदम पटलं. नटांना अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

त्या सप्टेंबरात वसाहतीने नॅशनल डेचा कार्यक्रम ठरवला. सोलांजबाईंनी परस्पर नाव दिलं: त्या नाटकाचा शेवटचा प्रवेश, वीस मिनिटं, बाईसाहेबांच्या भूमिकेत सोलांज देल्मा.

बाप्तिस्त हादरला. “आई, चारशे लोकांसमोर विसरलीस तर?”

“एकदा मला ती भूमिका बोलून बघू दे. अजून येते आहे तोवर.” मग त्यांनी खुर्शीदकडे बोट दाखवलं. “आणि ही आहे की. मोलकरीणही हीच, प्रॉम्प्टरही हीच.”

“मला फ्रेंच येत नाही, मादाम,” खुर्शीद म्हणाली.

“मलाही आता रोज येतंच असं नाही.”

खुर्शीदने मुलीच्या जुन्या वहीत अख्खा प्रवेश देवनागरीत उतरवून घेतला. भाजी चिरताना ती “ला व्वात्यूर ए ला, मादाम” घोटायची. गाडी आली आहे, बाईसाहेब. यावर बाईसाहेब हातमोजे चढवतात आणि नाटकाचं शेवटचं वाक्य बोलतात: “ज माँ व्हे.”

“ह्याचा अर्थ काय, मादाम?”

“मी जाते.”

खुर्शीदने वही मिटली.

तिने ईदचा हिरवा ड्रेस घालायचं ठरवलं होतं, त्यावर आता सोलांजबाईंनी हात आडवा केला. फ्रेंच रंगमंचावर हिरवा रंग अशुभ.

“या देशाचा झेंडाच हिरवा आहे, मादाम!”

“झेंडा अभिनय करत नाही.”

“बरं. मी तुमच्यासाठी राखाडी घालते. तुम्ही माझ्यासाठी ते जाते म्हणू नका.”

“वाक्य लेखकाचं असतं, खुर्शीद. सेहेचाळीस वर्षांत मी एक शब्द बदललेला नाही.” कुणी कधी फारसे शब्द दिलेही नव्हते, हे त्यांनी सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सोलांजबाईंनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. चारशे माणसं बसली होती, बहुतेक सगळी हिरव्यात. त्या खुर्चीवर बसल्या आणि उठेनात.

“हिरवं खाली आहे, मादाम,” खुर्शीद म्हणाली. “स्टेजवर फक्त मी आणि तुम्ही. यल्ला.”

त्या उठल्या. ल्योंच्या शिंप्याची मुलगी वीस मिनिटं श्रीमंत होती. कुठेही अडखळली नाही. भाषा बहुतेकांना कळत नव्हती, तरी खोकणारे थांबले. पहिल्या रांगेत बाप्तिस्तचे ओठ आईबरोबर हलत होते.

खुर्शीद ट्रे घेऊन आली. ट्रेकडे न बघता. “ला व्वात्यूर ए ला, मादाम.”

सोलांजबाईंनी एक हातमोजा चढवला, मग दुसरा. दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि थांबल्या.

थांबल्या त्या थांबल्याच. बाप्तिस्तचे ओठ मिटले. आता वाक्य देणं खुर्शीदचं काम होतं. ते तिला पाठ होतं, अवघे तीन शब्द. तिने तोंड उघडलं, पण समोरच्या म्हाताऱ्या बाईला ते वाक्य द्यायला तिची जीभ रेटेना. ती नुसती बघत राहिली. सोलांजबाईही तिच्याकडे बघत होत्या.

“येते,” सोलांजबाई म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

टाळ्या खूप झाल्या. मागच्या रांगेत पुण्याचे कमलाकर बायकोला म्हणाले, “मंजिरी, फ्रेंचमध्येही येतेच म्हणतात वाटतं.”

बाप्तिस्त धावत विंगेत आला. “शेवटी काय म्हणाली ती? विसरली ना?”

“मला नाही माहीत, सर,” खुर्शीद म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी सोलांजबाई कार्यक्रमाबद्दल काही बोलल्या नाहीत. चष्मा दोनदा हरवला. इकाम्याचं, म्हणजे निवास परवान्याचं, कार्ड साखरेच्या डब्यात सापडलं. काल काय झालं ते विचारायचा खुर्शीदला धीर होईना. दुपारी तिने भांडी आवरली, पर्स घेतली आणि दाराशी जाऊन म्हणाली, “येते, मादाम.”

सोलांजबाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही.

“ते वाक्य माझं आहे,” त्या म्हणाल्या.